*डिझेलमध्ये ओतायची बाटली: तुमच्या गाडीला खरंच लागते का?*



आंब्याच्या हंगामाआधी गाड्यांची कामं निघाली की एक प्रश्न हमखास येतो. "डिझेलमध्ये टाकायचं ते अ‍ॅडिटिव्ह घेऊ का? अ‍ॅव्हरेज वाढतं म्हणतात."

थोडक्यात उत्तर: *गाडी बीएस-६ असेल आणि नीट चालत असेल, तर गरज नाही.* तेच पैसे डिझेल फिल्टरला लावा. कारण खाली दिलंय, सवडीने वाचा.

*१) पंपावरच्या डिझेलमध्ये आधीच काय असतं?*
१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल मिळतं. त्यात सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम असतं, बीएस-४ च्या डिझेलमध्ये ५० पर्यंत चालायचं. विकणारा म्हणतो, "सल्फर गेलं म्हणजे वंगण गेलं, पंप झिजणार." हे अर्धंच खरं. सल्फर काढताना डिझेलचा मूळचा वंगणाचा गुण कमी होतो. पण तो किती असलाच पाहिजे हे मानकात ठरलेलं आहे, आणि कमी पडतो तिथे रिफायनरी वंगणाचं द्रव्य घालूनच डिझेल पाठवते. वरून आपण आणखी ओतणं म्हणजे माती परीक्षण न करता जस्त फवारण्यासारखं. कमतरता असेल तर फरक दिसतो, नसेल तर पैसे गेले.

*२) हिशोब करून बघा*
समजा बाटली ३०० रुपयांची आणि ५० लिटरला एक. म्हणजे लिटरमागे ६ रुपये. डिझेल ९० रुपये धरलं, तर नुसता खर्च निघायला अ‍ॅव्हरेज १४ वरून १५ वर जायला हवं, आणि तेही दर टाकीला. चांगल्या चालणाऱ्या इंजिनात एवढी वाढ होत नाही. टायरमधली हवा आणि एअर फिल्टर आधी बघा.

*३) आपल्याकडचा खरा शत्रू: पाणी*
आपला एचटीपी पंप साधारण २० ते ४० बार दाबावर चालतो. नव्या डिझेल गाडीचा इंजेक्टर १६०० बार आणि त्याहून जास्त दाबावर फवारतो. फवारणीच्या गनचं नोझल बारीक कचऱ्याने कसं बसतं ते तुम्हाला माहीत आहे. इंजेक्टरची भोकं तर डोळ्यांना धड दिसत नाहीत. तिथे पाणी गेलं की गंज आणि झीज.
कोकणातल्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी उभी राहिली की आत दव धरतं. कॅनमध्ये साठवलेल्या डिझेलचंही तेच. पाणी तळाला बसतं, त्यात जंतू वाढतात आणि फिल्टरला काळा चिकट गाळ येतो. काही बाटल्या हे पाणी डिझेलमध्ये मिसळवून टाकतात, म्हणजे तेच पाणी इंजेक्टरपर्यंत पोचतं. ते खाली काढून टाकणंच बरं.

*४) बाटली कुठे उपयोगी पडते?*
✅ जुनी गाडी, धूर वाढलाय, सुरू होताना अडखळते, आणि मेकॅनिकने इंजेक्टरवर कार्बन असल्याचं सांगितलंय: इंजेक्टर साफ करणारं द्रव्य एक-दोन टाक्यांपुरतं. इंजेक्टर झिजलेला असेल तर कुठल्याही बाटलीने भरून येत नाही.
✅ पॉवर टिलर किंवा जनरेटर कित्येक महिने उभा राहणार असेल: डिझेल टिकवणारं द्रव्य. पण टाकी भरून ठेवली आणि परत सुरू करण्याआधी तळातलं पाणी काढलं, तर बहुतेक वेळा तेवढंच पुरतं.
❌ थंडीत डिझेल गोठू नये म्हणून मिळणारी बाटली रत्नागिरीत कशाला? ती हिमालयातल्या गाड्यांसाठी.

*५) हे अजिबात टाकू नका*
🚫 रॉकेल. वंगण कमी होतं, पंप जातो.
🚫 टू-स्ट्रोकचं ऑइल. त्याची राख सायलेन्सरमधल्या काजळीच्या फिल्टरमध्ये, म्हणजे डीपीएफमध्ये, साठत जाते.
🚫 *खताचा युरिया पाण्यात विरघळवून.* काही बीएस-६ गाड्यांना डीईएफ लागतं. ते ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं द्रावण असतं आणि त्याची टाकी वेगळी असते. आपला खताचा युरिया नीमकोटेड आहे, त्यात इतर घटकही असतात. तो घातला तर महागडी यंत्रणा खराब होते. डीईएफ चुकून डिझेलच्या टाकीत पडलं तर चावीसुद्धा फिरवू नका, आधी टाकी रिकामी करून घ्या.

*६) हंगामाआधी एवढं करा*
👉 डिझेल फिल्टर मुदतीत बदला. फिल्टरखालच्या स्क्रूमधून पाणी काढा. जमत नसेल तर मेकॅनिककडून शिकून घ्या.
👉 रात्री गाडी लावताना टाकी शक्यतो भरलेली ठेवा.
👉 बाग ते पॅकहाऊस अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सर पुरेसा तापत नाही, डीपीएफमधली काजळी जळत नाही. मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे मधून मधून हायवेला एका वेगात चालवा. त्याचा दिवा लागला तर दुर्लक्ष नको.
👉 इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच.
👉 तरीही बाटली टाकायची असेल तर आधी वॉरंटीच्या अटी वाचा. कंपनीने मान्य न केलेलं द्रव्य टाकून बिघाड झाला तर दावा नाकारला जाऊ शकतो.

दिवा दुर्लक्षून पेट्या भरून वाशीला निघालात आणि गाडीने कशेडीच्या चढाला ताकद सोडली, तर आंबा गाडीतच पिकायला लागतो. सकाळचा बाजार चुकला की भाव कोणाच्या हातात राहत नाही. म्हणून गाडीचं काम आत्ताच उरका.

काही शंका असेल तर याच नंबरवर गाडीचं मॉडेल आणि साल लिहून पाठवा. डॅशबोर्डवर दिवा लागला असेल तर त्याचा फोटोही टाका.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, रत्नागिरी