न दिसणारी जखम

पोटावर टाका नाही म्हणजे ऑपरेशन किरकोळ, असे आपण सहज धरून चालतो. आतड्याच्या शस्त्रक्रियेत ही समजूत महागात पडू शकते. नेहमीच्या दुर्बीण शस्त्रक्रियेत मोठ्या आतड्याचा रोगट भाग बारीक छिद्रांतून सोडवता येतो, पण बाहेर काढायला पोटावर चार-सहा सेंटिमीटरचा छेद द्यावाच लागतो. दुखणे, जखम पिकणे आणि पुढे हर्निया होणे हे त्रास बहुतेक वेळा याच छेदातून उद्भवतात. म्हणून काही सर्जन तो तुकडा पिशवीत घालून गुदद्वारातून किंवा योनिमार्गातून बाहेर काढतात. याचा फायदा खरा आहे, पण तो पोटाच्या भिंतीपुरता. आत रक्तवाहिन्या तितक्याच बांधाव्या लागतात, आतडे तितकेच कापून जोडावे लागते आणि त्या जोडातून गळती होण्याची धास्तीही तितकीच राहते.

गुदद्वारातून होणाऱ्या शस्त्रक्रियेचा दुसरा प्रकार याहून वेगळा आहे आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात आतली शस्त्रक्रियाही खरोखर लहान होते. मलाशयातली गाठ गुदद्वारातूनच काढायची. जर्मनीत गेरहार्ड ब्यूस यांनी १९८०च्या दशकात त्यासाठी ४० मिलिमीटर व्यासाची नळी वापरात आणली. २००९-१०च्या सुमारास अमेरिकेतल्या सर्जनांनी तिच्या जागी मऊ पोर्ट बसवून नेहमीचीच दुर्बीण-अवजारे आत घालायला सुरुवात केली. कार्बन डायऑक्साइडने मलाशय फुगवतात, गाठीभोवती निरोगी कडा राखून भिंतीचा पूर्ण जाडीचा तुकडा कापतात. मग पहिली शंका येते : ही जागा घाण, जंतुसंसर्ग होणारच. पण मलाशयाचा खालचा भाग पोटाच्या पोकळीबाहेर असतो, त्यामुळे तिथली जखम पोटात उघडत नाही. शिवाय आधी आतडे साफ करून प्रतिजैविक दिलेले असते. तुकडा वरच्या भागातला असेल तर पोकळी उघडू शकते आणि तेव्हा भोक शिवावेच लागते. दुसरी भीती शौचावरचा ताबा जाण्याची. गुदद्वाराचा स्नायू ताणला जातो, सुरुवातीला घाई होते, कधी कपडे खराब होतात. बहुतेकांचा हा त्रास काही महिन्यांत ओसरतो. तुलना करायची ती पूर्ण मलाशय काढण्याशी, कारण त्यात अनेकांची शौचाची सवय कायमची बदलते आणि काहींना पोटावर पिशवी लावावी लागते.

‘मग कर्करोगातही हेच करा ना!’ इथे मात्र थांबायला हवे. कर्करोग भिंतीत खोल उतरला की आजूबाजूच्या लसिकाग्रंथींत जाऊ शकतो, आणि गुदद्वारातून फक्त गाठ काढताना त्या ग्रंथी जागेवरच राहतात. म्हणून हा मार्ग मोठे पॉलिप आणि वरवरचे, कमी जोखमीचे सुरुवातीचे कर्करोग यांच्यासाठी. ग्रंथींसकट पूर्ण मलाशय खालून सोडवण्याची पद्धतही २००९पासून सुरू झाली, पण नॉर्वेने ती २०१८च्या अखेरीस थांबवली. तिथल्या १५७ रुग्णांच्या पाहणीत सुमारे अडीच वर्षांत त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण अंदाजे ११.६ टक्के निघाले. मलाशयाच्या कर्करोगाच्या राष्ट्रीय नोंदींत ते २.४ टक्के होते. सरावलेल्या केंद्रांचे निकाल याहून बरेच चांगले आहेत, हा आक्षेप रास्त आहे. पण त्यातूनच कळते की इथे हात किती बसला आहे यावर फार काही ठरते. म्हणून सर्जनला ‘व्रण राहील का?’ याच्या आधी ‘अशी किती ऑपरेशने केलीत, तुमच्या रुग्णांत रोग किती वेळा उलटला?’ हे विचारावे.

आणि निर्णय ऑपरेशन टेबलावर संपत नाही. काढलेला तुकडा पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवतात, म्हणजे पॅथॉलॉजिस्टला कडा ओळखता येतात. कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी पोचल्या असतील, किंवा रोग वाटला त्यापेक्षा खोल निघाला, तर पोटातून मोठी शस्त्रक्रिया सुचवली जाऊ शकते. ही शक्यता रुग्णाला आधीच सांगितलेली असली पाहिजे, संमतीपत्रावर सही घेण्याआधी.