कसरीचे घर ओळखा, माल वाचवा

पलूसच्या बाजारपेठेत थंडीचा उरलेला माल गाठोड्यात बांधून पुढच्या मोसमापर्यंत ठेवणाऱ्या आपल्या दुकानदार बांधवांनी कसर नीट ओळखावी, असे आम्हांस वाटते. घोंगडीला वा शालीला एक भोक पडले, की गिऱ्हाईक ती निम्म्या भावातही घेत नाही.

कसरीचा पतंग राखी-तपकिरी असतो. पंख पसरल्यावर तो एक ते दीड सेंटिमीटर भरतो. पुढच्या पंखांवर पुसट काळसर ठिपके दिसतात. हा पतंग काहीच खात नाही. कापड कुरतडते ती त्याची अळी. लोकरीत घातलेल्या अंड्यांतून साधारण आठवड्याभरात पांढुरकी अळी निघते. ती स्वतःच्या रेशमात लोकरीचे तंतू गुंफून दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी विणते. हे घर ओढतच ती फिरते आणि शेवटी त्यातच कोष करते. लाल शालीवर वाढली तर नळीही लाल, त्यामुळे चटकन नजरेस पडत नाही.

अळीचे अन्न लोकर, केस व पिसे. पिंजारी बांधवांच्या कापसाच्या गाद्यांना तिचे भय नाही. मात्र घामाचे डाग असलेला लोकरी कपडा तिला अधिक आवडतो.

म्हणून माल स्वच्छ करून, उन्हात वाळवून, घड्या व शिवणी ब्रशने झाडून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावा. उघड्या फळीवर डांबराच्या गोळ्या टाकून काम होत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी घड्या उलगडून पाहाव्यात. रफूच्या मजुरीपेक्षा ही मेहनत स्वस्त पडते.