पंधरा ग्रॅमची फळी

शालेय स्पर्धेसाठी ग्लायडर बांधावयास निघालेला मुलगा प्रथम आराखडा शोधतो, पंख किती लांब, शेपूट केवढे यावर मित्रांशी हुज्जत घालतो, आणि लाकूड मात्र दुकानदार देईल ते निमूटपणे घेऊन येतो. वस्तुतः अर्ध्या स्पर्धेचा निकाल त्या दुकानातच लागलेला असतो, असे अनेक वर्षांच्या नादातून बनलेले माझे ठाम मत आहे.

इतिहास थोडक्यात उरकतो. जॉर्ज केली या इंग्रज गृहस्थाने १८०४ साली काठीवर पतंगासारखा पंख व मागे फिरविता येणारी शेपटी बसवून ग्लायडर उडविले, आपल्याकडे एन. सी. सी.च्या वायुदल शाखेने हा छंद विद्यार्थ्यांपर्यंत नेला.

आता ग्लायडरच्या लाकडाकडे, म्हणजे बाल्साकडे वळू. बाजारातील बहुतेक माल इक्वेडोरचा. १९४७ साली थॉर हेयरडाल ज्या तराफ्यावरून पेरूहून पॉलिनेशियास पोहोचला, त्याचे ओंडके याच वृक्षाचे; महायुद्धातील मॉस्किटो विमानाच्या अंगातही प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्साच होता. परंतु या लाकडाचा स्वभाव लहरी. मीटरभर लांब, दहा सेंटिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाडीची एक फळी पंधरा ग्रॅम भरते, तर डोळ्यांना तशीच दिसणारी शेजारची तीस ग्रॅम! म्हणून दुकानात जाताना खिशात छोटा डिजिटल काटा असावा. दुकानदार त्रासतो, त्रासू द्यावा. वजनानंतर रेषांची परीक्षा. फळी रुंदीच्या अंगाने हलकेच वाकवावी. मुकाट गुंडाळू लागली तर ती पंखास निरुपयोगी, आणि अंगावर चकचकीत ठिपके असलेली, वाकण्यास साफ नकार देणारी मिळाली तर पंख-शेपटीसाठी तत्काळ ताब्यात घ्यावी.

त्यातही सर्वांत हलका तुकडा शेपटीसाठी राखून ठेवावा. गुरुत्वमध्यापासून शेपूट चोवीस सेंटिमीटर मागे व नाक आठ सेंटिमीटर पुढे असेल, तर शेपटीवरील एका ग्रॅमच्या उधळपट्टीपायी नाकावर तीन ग्रॅम माती थापावी लागते; एकूण चार ग्रॅमचा भुर्दंड. हा जमाखर्च मुलांना पटला की पॉलिश पेपर आपोआप चालू लागतो आणि गोंदाचे ओघळ आटतात. बाशिंगाचे भेंडही मी या कामी वापरून पाहिले. हलकेपणात ते बाल्सासही मागे टाकते, पण दाब सोसत नाही, तेव्हा त्याने मुंडावळ्यांची शोभा वाढवावी हेच बरे.

गुरुत्वमध्य प्रारंभी पंखाच्या रुंदीच्या पुढून एक-तृतीयांशावर ठेवावा. सोडलेले ग्लायडर नाक वर करून थबकते, खाली कोसळते व पुन्हा नाक उचलते, असे झाल्यास नाकावर मातीची कणी वाढवावी. सरळ जमिनीकडे धावल्यास काढावी. एका वेळी एकच बदल, हा दस्तूर मोडू नये.

आमच्या नंदाखालला या चाचणीची वेळ वारा ठरवितो. हिवाळी पहाटे मतलई वाऱ्याचा अंमल असतो, दिवस चढल्यावर अर्नाळ्याच्या बाजूने खारा वारा सुरू होतो, आणि या दोन हुकमतींच्या संधिकाळात हवा काही वेळ स्तब्ध राहते. तेवढ्यात चाचणी उरकावी. केळी-नारळीच्या दाट वाडीच्या आडोशाला मात्र मुळीच उभे राहू नये, कारण झाडांमागे हवा घुमते व निर्दोष ग्लायडरही गिरक्या खाते. मोकळे खाचर गाठावे, आणि पंखावर नाव व फोन क्रमांक ठळक लिहावा. उन्हाने तापलेला हवेचा ऊर्ध्वगामी झोत सापडला की पंधरा ग्रॅमच्या फळीतून घडलेले ते यंत्र वाडीवरून थेट विरारच्या दिशेने निघून जाते, आणि मग सायकलवर टांग टाकण्यावाचून गत्यंतर नसते.