रद्दीतली शाई सोडवताना

रद्दीपासून कागद करणाऱ्या गिरणीच्या प्रयोगशाळेत केमिस्टने दोन नमुने माझ्या हातात दिले. दोन्ही ऑफिसच्या रद्दीचेच. उजेडासमोर धरल्यावर पहिल्यात काळे ठिपके विखुरलेले दिसले, दुसऱ्यात मोजकेच. पहिल्या लगद्याला नेहमीची रसायनं दिली होती, दुसऱ्याला सेल्युलेज हे एन्झाइम.

नेहमीची कृती वर्तमानपत्रांच्या तेलकट शाईसाठी बसवलेली. पल्परमध्ये रद्दी घुसळताना कॉस्टिक सोडा घालतात. तंतू फुगतात, शाई सुटते. पण वर्तमानपत्राच्या कागदातलं लिग्निन कॉस्टिकमुळे पिवळं पडतं. तो पिवळेपणा घालवायला हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि ते टिकावं म्हणून सोडियम सिलिकेट. एकाचं दुखणं दुसऱ्यानं निस्तरायचं आणि सगळ्याचा भार अखेर सांडपाण्यावर. पुढे टाकीत हवेचे बुडबुडे सोडले की शाईचे कण त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. साधारण १० ते १०० मायक्रॉनचे कण असे चांगले निघतात.

लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे उष्णतेने कागदावर वितळवलेलं प्लास्टिक. कॉस्टिकला तो दाद देत नाही. त्याचे चपटे, मोठे तुकडे पडतात, तंतूंना धरून राहतात आणि बुडबुड्यांना पेलत नाहीत. सेल्युलेज टोनरला हातच लावत नाही. ज्या बारीक तंतुकांना तो चिकटलेला असतो, ती तंतुकं कातरतं. पाणी जवळपास उदासीन आणि ५० अंश सेल्सिअसच्या आसपास असलं की त्याचं काम चालतं. मात्र मात्रा किंवा वेळ वाढली, की तेच एन्झाइम तंतू कुरतडतं आणि कागद कमजोर होतो.

सोयाबीन तेलाच्या शाईवर लायपेज उपयोगी पडतं, कारण ते तेलच तोडतं. पाण्यावर आधारित फ्लेक्सो शाईची तऱ्हा निराळी. कॉस्टिकमध्ये तिचे कण इतके बारीक होतात की बुडबुड्यांच्या हाती लागत नाहीत. लगदा धुऊनच काढावा लागतो.

म्हणजे सगळ्या रद्दीला चालेल असं एकच औषध नाही. वर्तमानपत्रं आणि ऑफिसचे कागद एकाच गठ्ठ्यात आले, तर कोणतंही एन्झाइम अर्धंच काम करणार. म्हणून गिरण्यांनी नव्या रसायनांवर खर्च करताना रद्दी निवडणाऱ्या बायकांच्या मजुरीतही वाढ करावी. शाई काढण्याचं निम्मं काम त्यांच्या हातून होतं.