डॉक्टर, तुमची फी किती?

‘कार्टून’ हा शब्द आपल्या घरात कधी कानावर येतो? पोरगं जेवत नसलं की! “लाव बाई त्याला कार्टून, दोन घास तरी पोटात जातील.” १९९३ साली दूरदर्शनवर ‘जंगल बुक’मधल्या मोगलीनं रविवार गाजवले. ती मालिका जपानी चित्रकारांनी केलेली होती हे तेव्हा किती आयांना ठाऊक असेल? पुढे डोरेमॉन आला, शिनचॅन आला, आणि त्या शिनचॅनचं आगाऊ बोलणं आपली मुलं उचलू लागली तेव्हा आपल्याला नको नको झालं. एकूण काय, जपानी चित्रं आपल्या दिवाणखान्यात कधीचीच येऊन बसली आहेत. फक्त ती मुलांनी पाहायची आणि आपण स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकायचा, अशी वाटणी होऊन गेली आहे.

आज ज्या चित्रपटाबद्दल सांगणार आहे तो या वाटणीत बसत नाही. उलट, तो लहान मुलांना दाखवूच नये आणि आयांनी जरूर पाहावा, असा आहे. नाव ‘ब्लॅक जॅक’. जपानमध्ये १९९६ च्या नोव्हेंबरअखेरीस तो पडद्यावर आला. दिग्दर्शक ओसामू देझाकी. सगळा चित्रपट हातानं काढलेल्या चित्रांचा, आणि विषय मात्र दवाखाना, शस्त्रक्रिया, रोग आणि औषधं!

ब्लॅक जॅक हा एक सर्जन. अर्धे केस पांढरे, अर्धे काळे. चेहऱ्यावरून टाक्यांची एक लांब रेघ गेलेली आणि रेघेच्या अलीकडची कातडी एका रंगाची, पलीकडची दुसऱ्या. अंगावर काळा झगा. समुद्राकाठच्या कड्यावर एकट्या घरात राहतो. हात असा की जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी आशा सोडलेला रोगी याच्या टेबलावरून उठून चालू लागतो. पण त्याच्याकडे वैद्यकीचा परवाना नाही, आणि फी ऐकली तर रोग्याच्या आधी नातेवाईकांनाच भोवळ यावी.

हा माणूस मूळचा चित्रपटातला नव्हे, चित्रकथेतला. ओसामू तेझुका या चित्रकारानं १९७३ साली मुलांच्या एका साप्ताहिकात त्याच्या कथा सुरू केल्या. (चित्रकार आणि दिग्दर्शक दोघेही ओसामूच, तेव्हा घोटाळा करू नका हं!) त्या काळात तेझुकांचे दिवस फार वाईट होते. त्यांनी उभी केलेली चित्रपटसंस्था त्याच वर्षी बुडाली होती. ही कथामालाही चार-पाच आठवड्यांत आटपायची असाच बेत होता. पण वाचकांनी हा डॉक्टर असा काही उचलून धरला की १९८३ पर्यंत दोनशेहून जास्त कथा झाल्या.

लोकांना त्यात एवढं काय आवडलं असावं? मला विचाराल तर त्याची फी.

मूळ चित्रकथांमधली एक गोष्ट सांगते, म्हणजे माझं म्हणणं लक्षात येईल. एक म्हातारी आपल्या मुलाच्या संसारात राहते आणि सारखी पैसे मागते. कशाला हवेत ते सांगत नाही. सून वैतागलेली, मुलगाही कंटाळलेला. आपल्याकडे अशा घरात जे जे बोललं जाईल ते सगळं तिथंही बोललं जातं. पुढे उलगडा होतो तो असा. हा मुलगा तान्हा असताना जिवावरच्या दुखण्यातून एका डॉक्टरनं त्याला वाचवलं होतं आणि त्याची भली मोठी फी ही बाई वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्यानं फेडत होती. मुलाला पत्ताही लागू न देता! शेवटचा हप्ता जातो आणि म्हातारी कोसळते. ब्लॅक जॅक मुलाला सांगतो, शस्त्रक्रिया करतो पण वाचण्याची आशा थोडी आहे, आणि फी तीन कोटी येन. आजच्या भावानं आपले दीड कोटी रुपये तरी होतील. मुलगा क्षणभर सुन्न होतो आणि म्हणतो की जन्मभर फेडत राहीन, पण देईन. डॉक्टर म्हणतो, मला एवढंच तुझ्या तोंडून ऐकायचं होतं.

बस्स, गोष्ट एवढीच.

ही गोष्ट वाचून मी काही वेळ पुस्तक मिटून बसले होते. कारण आपल्याकडे हा प्रश्न कोणी असा तोंडावर विचारत नाही. गेल्या वर्षी आमच्या नात्यातल्या एका आजींचं खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया करायची म्हणजे आधी अनामत भरा, असं दवाखान्यात सांगितलं. दोन मुलगे, एक मुलगी, दोन सुना, जावई, सगळे बाकड्यावर बसून होते. कोणी वाईट नव्हतं, बरं का. प्रत्येकाच्या डोक्यात घराचा हप्ता, पोराची फी, सोसायटीचं कर्ज असे आकडे फिरत होते, आणि तोंडानं मात्र “या वयात भूल सोसेल का?” अशी चर्चा चालली होती. शेवटी आजीच खाटेवरून म्हणाल्या, “माझ्यावर कशाला एवढे घालता? माझं झालंय आता सगळं.” ते ऐकून मोठ्या सुनेनं काही न बोलता हातातल्या पाटल्या काढून नवऱ्याकडे दिल्या. शस्त्रक्रिया झाली. आजी आता काठी घेऊन देवळात जाऊन येतात. पण त्या दोन तासांत बाकड्यावर कोणी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हतं, ते मी विसरलेले नाही. ब्लॅक जॅक त्या बाकड्यासमोर येऊन उभा राहतो आणि मोठ्यानं विचारतो, किती देणार? म्हणून त्याचा राग येतो, आणि म्हणूनच त्याच्यावरून नजर हलत नाही.

आता चित्रपटाची कथा. इथं हाच प्रश्न उलटा करून घातला आहे. १९९६ च्या ऑलिंपिकपासून जगात एकाएकी अचाट माणसं दिसू लागतात. खेळाडू असे की आधीचे विक्रम पोरखेळ वाटावेत. कलेत, बुद्धीतही तसंच. लोक थक्क होतात, वर्तमानपत्रं ‘महामानव’ म्हणून नाचतात. आणि मग एकेक करून ही माणसं आजारी पडू लागतात. वय तरुण, पण आतले अवयव म्हाताऱ्या माणसासारखे झिजून गेलेले! या रोगाला चित्रपटात ‘मोइरा’ नाव दिलं आहे. ग्रीक पुराणात माणसाच्या आयुष्याचा धागा कातणाऱ्या, मोजणाऱ्या आणि कापणाऱ्या तीन देवता आहेत, त्यांचं हे नाव. आपली सटवाई नाही का बाळाच्या कपाळी लिहून जात, त्यातलाच प्रकार.

हे अचाटपण देवानं दिलेलं की कोणी माणसानं घडवलेलं, ते मी सांगत नाही. पण शाळेत अर्धा वेळ नववी-दहावीला शिकवते म्हणून एक सांगते. पडद्यावर टाळ्यांच्या कडकडाटातल्या त्या खेळाडू पाहताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुली येत होत्या. पहाटे पाचला शिकवणी, मग शाळा, मग दुसरी शिकवणी. डबा तसाच परत जातो. डोळ्यांखाली काळं. शाळेच्या फलकावर नाव झळकतं तेव्हा आपण सगळ्या पेढे खातो, मीसुद्धा खाते. त्या नावाची फी कोण भरतं, हे तिथं कोणी लिहीत नाही.

या रोगावर संशोधन करणारी डॉक्टर एक बाई आहे, जो कॅरल ब्रेन. हुशार, देखणी, हाताखाली मोठी यंत्रणा, आणि सारखी घाईत. खरं सांगायचं तर नायकापेक्षा मला हीच जास्त आवडली. चित्रपटांतून हुशार बाई दाखवली की तिला एक तर प्रेमात पाडतात, नाहीतर दुष्ट करून टाकतात. हिचं तसं सरळ नाही. ती वाईट मार्गानं जाते खरी, पण रोगी तिला जगवायचेही असतात, आणि तिची ती घाई कशापोटी आहे ते हळूहळू कळत जातं. तिला ब्लॅक जॅकचा हात हवा आहे. तो नाही म्हणतो. पैशानं जगातलं सारं मिळवणाऱ्या या डॉक्टरला पैशानं हलवता येत नाही! मग ब्रेनबाई पिनोकोला पळवून नेते, आणि तो येतो.

ही पिनोको कोण ते सांगायलाच हवं. एका तरुण मुलीच्या पोटात मोठी गाठ असते. त्या गाठीत असतात तिच्याच न जन्मलेल्या जुळ्या बहिणीचे सुटे अवयव, तब्बल अठरा वर्षं तसेच राहिलेले. ब्लॅक जॅक ते काढतो, कृत्रिम शरीराची जोड देतो आणि त्यातून ही चिमुरडी उभी करतो. (अशा गाठी वैद्यकात खरोखरच असतात, कधीकधी त्यांत केस आणि दातही सापडतात. त्यातून मुलगी घडवणं ही मात्र तेझुकांची किमया.) सख्खी बहीण तिला नाकारते, म्हणून ती डॉक्टरकडेच राहते. दिसायला पोर, बोलणं बोबडं, पण स्वतःला अठरा वर्षांची समजते आणि आल्यागेल्याला ठसक्यात सांगते की मी डॉक्टरांची मंडळी! स्वयंपाक करते, तो करपवते, डॉक्टरवर रुसते, दारात वाट पाहते. तिच्यामुळे त्या कड्यावरच्या बंगल्याचं घर झालं आहे. तिची फी मात्र त्यानं कोणाकडे मागितल्याचं दिसत नाही.

चित्रांबद्दल थोडं. देझाकी हे जपानमधलं फार मोठं नाव. १९४३ चा जन्म, २०११ मध्ये गेले. सुरुवात तेझुकांच्याच संस्थेत केलेली. त्यांची एक लकब ओळखीची आहे. एखाद्या क्षणी हलतं चित्र एकदम थांबतं आणि पडद्यावर खडूनं रंगवल्यासारखं एक स्थिर चित्र उमटतं. शस्त्रक्रियेच्या वेळी, कोणी मागे वळून पाहतं तेव्हा. आपणही आयुष्यातले काही क्षण असेच आठवतो, नाही का? अल्बममधल्या फोटोसारखे.

रक्त मात्र भरपूर आहे. पोट, आतडी, सुरी, टाके, काही झाकलेलं नाही. मला दोन ठिकाणी मान फिरवावी लागली. पण ते दाखवणं उगीच नाही, कारण हा सगळा तपशील काढणारा तेझुका स्वतः डॉक्टर होता. ओसाकाला वैद्यकीचं शिक्षण झालं, १९५२ मध्ये परीक्षा पास झाले आणि १९६१ मध्ये गोगलगायीच्या जातीतल्या एका जिवाच्या पेशींवर प्रबंध लिहून डॉक्टरेटही मिळवली. मुलगा डॉक्टर होतोय आणि रात्ररात्र जागून चित्रं काढतोय, म्हणजे आईच्या जिवाचं काय होत असेल! शेवटी त्यांनी आईलाच विचारलं. आईनं उलट विचारलं, तुला मनापासून काय आवडतं? चित्रं, म्हणाले. मग तेच कर, म्हणाली. महायुद्धानंतरच्या त्या ओढगस्तीच्या जपानमधली ही बाई! आपल्यापैकी कितीजणी हातातलं डॉक्टरीचं पान असं सोडतील?

तेझुका १९८९ च्या फेब्रुवारीत पोटाच्या कर्करोगानं गेले, अवघे साठ वर्षांचे. त्या काळी जपानमध्ये रोग्याला कर्करोगाचं नाव सांगत नसत, त्या रीतीनं त्यांनाही ते सांगितलं नव्हतं. आपल्याकडेही “त्यांना काही बोलू नका हं” असं दाराबाहेर कुजबुजतोच की आपण. पण ज्यानं जन्मभर डॉक्टर आणि रोगी समोरासमोर बसवून खरं बोलायला लावलं, त्याच्याच खाटेभोवती ही कुजबुज चालावी, हे वाचून मला कसंसंच झालं.

चित्रपटात खटकलं तेही सांगते. मध्यंतरानंतर कथा फार धावते, आणि रोगाचं शास्त्र समजावणारी संवादांची लांबण दोनदा मागे नेऊन पाहावी लागली. आणखी एक, परवाना नसलेला डॉक्टर गोष्टीत शोभतो. आपल्या गल्लीबोळांत पदवीशिवाय सुया टोचणारे जे लोक आहेत, त्यांना कोणी ब्लॅक जॅक समजू नये.

लांबी दीड तासाची. संवाद जपानी, खाली इंग्रजी अक्षरं येतात. इंग्रजी बोलीतही हा चित्रपट निघालेला आहे, पण मूळ आवाजच ऐका, कारण पिनोकोचा बोबडेपणा त्यातच कळतो. दहा-बारा वर्षांखालच्या मुलांना झोपवून मगच लावा. जेवताना तर मुळीच नको. आमच्याकडे सासूबाई आधी “हे काय कार्टून लावलंय रात्रीचं” म्हणत उठायला निघाल्या होत्या. पिनोकोला नेलं तशा पुन्हा बसल्या, आणि मग शेवटची अक्षरं सरेपर्यंत हातातली जपमाळ तशीच राहिली.