चॉकलेटची टंचाई म्हणजे नेमके काय?

जगातले चॉकलेट संपत आले आहे, असा समज बराच पसरला आहे. प्रत्यक्षात आली ती कोकोची तूट (एका हंगामात उत्पादनापेक्षा वापर जास्त होणे).

सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे (जमिनीखालची साठवणीची कोठारे) डोळ्यांपुढे आणा. भरली त्याहून जास्त हळद काढली, तर पेव लगेच रिकामे होत नाही. साठा खाली जातो आणि भाव चढतो. कोकोचे तसेच झाले. २०२३-२४ च्या हंगामात जगभरात सुमारे पाच लाख टनांची तूट आली. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात (पुढील तारखेच्या सौद्यांचा बाजार) भाव टनाला १२ हजार डॉलरपुढे गेला. २०२५ मध्ये तो बराच उतरला. भाव असा चढतो, तेव्हा साताऱ्याच्या दुकानातून चॉकलेट नाहीसे होत नाही. ते महागते, वडी लहान होते किंवा तिच्यातला कोको कमी होतो.

काळजीचे कारण मात्र खरे आहे. निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोनच देशांतून येतो. तिथे पाऊस बिघडला, बागा जुन्या झाल्या आणि फांद्या सुजवणारा विषाणू पसरला. तो पिठ्या ढेकणांमार्फत पसरतो. ही कीड तासगावच्या द्राक्षबागायतदारांनाही चांगली माहीत आहे. रोगट झाड उपटावेच लागते आणि नवे झाड फळायला तीन ते पाच वर्षे लागतात. शिवाय या देशांत शेतकऱ्याचा दर सरकार हंगामाआधी ठरवते. त्यामुळे बाजार चढला, तेव्हा नवी लागवड करायला लागणारा पैसा त्याच्या हाती पुरेसा आलाच नाही.