गिअर अडकला म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका!

पनवेल म्हणजे घाटाच्या अलीकडचे मोठे ठाणे. जुन्या रस्त्याने मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी खोपोलीहून बोरघाट चढण्याआधी इथे विसावा घेत असे. कोकण-गोव्याकडचा रस्ताही इथूनच फुटतो. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पुष्कळशी वर्दळ कळंबोलीहून परस्पर निघून जाऊ लागली. पण जुन्या गाड्यांचे दुखणे जाणणारे मिस्त्री काही त्या रस्त्याने निघून गेले नाहीत. अशाच एका जुन्या मिस्त्रीकडे आम्ही फियाटच्या हँड गिअरची दुरुस्ती जवळून पाहिली. ज्यांच्या दारात अजून जुनी फियाट किंवा पद्मिनी उभी आहे, त्यांच्यासाठी ती माहिती इथे देत आहोत.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून निघालेली फियाट ११०० पुढे पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे उत्पादन थांबूनही दोन दशके उलटली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. ज्या टॅक्सीवर मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली, ती घरे हे नाव सहज विसरणार नाहीत.

या गाडीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, डाव्या हाताला. मजेची गोष्ट ही, की गिअरबॉक्स मात्र खाली, इंजिनाच्या मागे. मधले अंतर सळया, आर्म आणि बुश यांनी जोडलेले असते. यालाच लिंकेज म्हणतात. दांडी स्वतःकडे ओढली किंवा पुढे सारली की गिअरची जोडी निवडली जाते; वर-खाली केली की त्या जोडीतला एक गिअर पडतो. म्हणजे हाताच्या दोन हालचाली दोन वाटांनी खाली पोहोचतात. वाटेतल्या प्रत्येक सांध्यात केसभर झीज झाली, तरी शेवटी ती बेरीज बोटभर होते. मग दांडी लुळी पडते, दुसरा टाकायला जावे तर चौथा सापडतो, किंवा दोन गिअरच्या मध्येच सगळे अडकून बसते. स्पोर्ट्स गाड्यांत दांडी बहुधा थेट गिअरबॉक्सवर असते, म्हणून त्यांचा गिअर खटकन पडतो. पण परदेशातल्या ज्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे इंजिन मागे आहे, त्यांनाही लांब सळ्यांमुळे हाच आजार जडतो.

सपाट रस्त्यावर हा नुसता त्रास. घाटात मात्र जिवाशी गाठ! उतारावर गाडीचा वेग ब्रेकइतकाच गिअरने धरायचा असतो. तिसऱ्यावरून दुसरा टाकताना दांडी मध्येच अडकली, तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते आणि सारा भार ब्रेकवर येतो.

गिअर पडत नाही म्हटल्यावर काही गॅरेजवाले सरळ गिअरबॉक्स उतरवायला सांगतात. टॅक्सीवाल्याच्या दृष्टीने ते म्हणजे दोन-तीन दिवसांची कमाई बुडाली. आमचे म्हणणे एवढेच, की आधी तपासा. इंजिन बंद असताना सर्व गिअर नीट पडतात आणि चालू केल्यावर कुरकुर होते, तर संशय क्लचवर घ्यावा. दोन्ही वेळा दांडी अडत असेल, तर लिंकेजकडे वळावे. एकाने सीटवर बसून दांडी हलवावी, दुसऱ्याने बॉनेट उघडून पाहावे. वर दांडी फिरते आणि खालचा आर्म जागचा हलत नाही, तो सांधा झिजलेला. आमच्या मिस्त्रीने तर सळई सोडवली आणि गिअरबॉक्सवरचा आर्म हातानेच फिरवून दाखवला. गिअर एकेक करून अलगद पडले. गिअरबॉक्स निर्दोष सुटला!

इंजिनाचे रबरी माउंटिंगही पाहावे. ते बसले की इंजिन खचते आणि सळ्यांचे माप आपोआप बिघडते. मग नवे बुश घालूनही समाधान होत नाही.

दुरुस्ती अवघड नाही, वेळखाऊ आहे. गाडी सपाट जागी घ्यावी, चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. खाली शिरायचे असेल तर नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नये, घोड्या लावाव्यात. लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नये. सांधे रॉकेलने किंवा डिझेलने धुवावेत, झिजलेले बुश आणि पिना बदलाव्यात, ग्रीस भरावे. मग दांडी आणि गिअरबॉक्स दोन्ही न्यूट्रलमध्ये ठेवून सळईची लांबी अशी जुळवावी, की ती ओढाताण न करता आपल्या जागी बसेल. चेकनट आवळायला विसरू नये. हे माप नेमके जुळवणे हीच खरी विद्या. आयटीआयच्या दोन वर्षांच्या मोटार मेकॅनिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनी असे एखादे जुने लिंकेज एकदा तरी स्वतःच्या हाताने जुळवून पाहावे. संगणक लावून दोष शोधता येतो, पण झिजलेल्या सांध्यातली ढिलाई बोटांनाच कळते.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून चारही गिअर आणि रिव्हर्स दहा-दहा वेळा टाकून पाहावेत, नंतर सपाट रस्त्यावर फेरी मारावी. घाटाचे नाव त्यानंतर. काढलेले जुने बुश फेकू नये. दुकानात नवे मिळाले नाही, तर लेथवर तसेच वळवून घेता येते, आणि टर्नरला दाखवायला नमुना लागतोच.